तोंड चालू, आवाज बंद

वस्तीत तिला सगळे भोंगा म्हणतात. मागून नाही, तोंडावर. आणि ती ओ देते. नवीन माणूस असेल तर बिचकतो, कारण ती ओ देते तेव्हा तिसऱ्या गल्लीतलं मांजर उठून बसतं.

आम्ही मोर्चाला कधी माईक नेला नाही. परवानगी मिळायची नाही, आणि आमचं काही अडायचंही नाही. भोंगा पालिकेच्या फाटकासमोर उभी राहून पहिली घोषणा द्यायची आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या पटापट बंद व्हायच्या. खिडक्या बंद झाल्या की आम्ही समजायचो, वरपर्यंत पोचलं.

तिच्यावर लिहायचं कधीपासून डोक्यात घोळतंय. बड्या माणसांची चरित्रं लिहायला बडी माणसं आहेत. गल्लीतल्या बाईवर कोणी लिहिलंच, तर तिला अशी गरीब गाय करून ठेवतात की वाचणाऱ्याने रुमालच काढावा. भोंगा गरीब आहे, गाय नाही. तेवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

हा आवाज तिने जन्मतः आणला नव्हता. तो तिला धुलाईघरात मिळाला. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात तिची आई चादरी-टॉवेल धुवायची. आई अचानक गेली तेव्हा हिची शाळाही पुरी झाली नव्हती, आणि धाकटा भाऊ नुकता रांगायला लागला होता. बाप होता, पण तो कुठे असतो ते त्यालाच माहीत नसायचं. आईच्या जागेवर ही लागली. भावाला ठेवणार कुठे? मळक्या चादरींच्या ढकलगाडीत. मुकादम येताना दिसला की पोरावर चादर ओढायची आणि तो गेला की काढायची. पोर गुणी होतं, रडायचं नाही. किंवा रडतही असेल, त्या घरघरीत कोणाला ऐकू येणार!

एक दिवस नवीन लागलेल्या कामगाराने तीच गाडी धरली, यंत्राच्या तोंडाशी नेली आणि उलटी करायला वाकवली. ही दुसऱ्या टोकाला, इस्त्रीच्या रुळांपाशी. धावून पोचणं शक्य नव्हतं. ती ओरडली. काय ओरडली ते तिलाही आठवत नाही. पण सगळ्या यंत्रांच्या वरून तो आवाज गेला आणि त्या माणसाचे हात जागच्या जागी थिजले. मग तो मटकन खाली बसला आणि म्हणाला, "अगं, बाई आहेस की भोंगा?" नाव तिथे पडलं. पोर झोपलेलंच होतं म्हणे.

म्हणून पुढे आमच्या वस्तीत पाळणाघर हवं ही मागणी निघाली तेव्हा भोंगा सगळ्यात पुढे होती. इतर बायका अर्ज देऊन घरी जायच्या, ही पालिकेच्या जिन्यात बसून राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबाला विचारायची, "तुमचं बाळ आत्ता कोणाकडे आहे हो?" शेवटी कंटाळून त्यांनी पालिकेचं एक पडीक गोदाम दिलं. आम्ही ते घासलं, रंगवलं, दाराला खालच्या बाजूने पोरांच्या उंचीची कडी लावली. आज धुणीभांडी करणाऱ्या, इस्पितळात लाद्या पुसणाऱ्या, शिवणाच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका पहाटे तिथे पोरं सोडतात आणि कामाला पळतात.

त्याच मोर्चांत भाऊ मोठा झाला. आधी आमचे फलक धरायचा. मग भाषण करायला लागला, चांगलं करायचा, माझ्यापेक्षा चांगलं, ते मी कबूल करतो आणि विषय सोडतो. मग एका पक्षाने त्याला तिकीट दिलं. निवडून आला, वॉर्डाचा नगरसेवक झाला. मिरवणुकीत त्याने बहिणीला उघड्या गाडीत शेजारी उभं केलं. ती पूर्ण रस्ताभर फक्त त्याच्या शर्टाची कॉलर नीट करत राहिली.

मग आली ती मालिका.

टीव्हीवाल्यांना खऱ्या गल्ल्या हव्या होत्या. गोष्ट म्हणजे वॉर्डातलं राजकारण: एक तरुण नगरसेवक, त्याला लहानाचं मोठं करणारी बहीण, आणि दोघांमधला तंटा. मालिकेचा लेखक आमच्याकडे माहिती काढायला आला, तेव्हा कोणीतरी त्याला भोंग्याच्या दाराशी सोडलं. तो तिच्याकडे चहा पीत बसला, मान हलवत राहिला, आणि पाणावलेल्या डोळ्यांनी उठला. मी तेव्हाच तिला म्हणालो, "हा डोळे पुसून गेला, आता हा तुला पुसणार."

"तुला प्रत्येकात चोर दिसतो, कार्यकर्त्या," ती म्हणाली. चिडली की ती मला असं म्हणते.

मालिका सुरू झाली आणि वस्तीने टीव्हीत तिला पाहिलं. म्हणजे तिची गोष्ट पाहिली. मालिकेतली ताई गोरीपान, हळू बोलणारी, दर दोन भागांना रडणारी. भाऊ काहीही करो, ती भिंतीला टेकून त्याला माफ करायची. संध्याकाळी घराघरांतून एकच प्रश्न: "आज ताई माफ करणार का?" करायचीच.

"मी कधी रडले रे?" भोंगा मला विचारायची. "आणि भिंतीला काय टेकते सारखी? पाठ दुखते का तिची?"

पण तोवर हॉटेलने धुण्याचं काम बाहेर ठेकेदाराला दिलं होतं आणि हिची नोकरी गेली होती. मालिकेला मोर्चाची गर्दी लागायची. भोंगा गर्दीत गेली. तिच्यामागून गल्लीतल्या बायका गेल्या. काही दिवसांत ती गर्दीची म्होरकी झाली. सकाळी सेटवरच्या असिस्टंटबाईचा फोन यायचा, "आज वीस बायका, चिडलेल्या," आणि ही चिडलेल्या वीस बायका घेऊन हजर.

आता त्या कामाची एक रीत आहे, ती सांगायला हवी. कॅमेऱ्यासमोर मुख्य नट बोलत असतो तेव्हा मागच्या गर्दीने ओरडायचं नसतं. ओरडल्यासारखं करायचं. मुठी वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, तोंड उघडझाप, आणि आवाज शून्य. गर्दीचा आवाज ते मागाहून वेगळा भरतात. चपलांच्या तळाला कापड चिकटवतात, पावलं वाजू नयेत म्हणून. पहिल्या दिवशी भोंग्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिने सवयीने घोषणा दिली. आवाज टिपणाऱ्या माणसाने कानावरचं यंत्र काढून फेकलं आणि तो कान धरून खाली बसला. असिस्टंटबाई धावत आली.

"मावशी, तोंड चालू, आवाज बंद! तोंड चालू, आवाज बंद!"

हा त्या सेटचा मंत्रच. नट उभा राहिला, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला, की सगळ्या बायकांच्या तोंडाचं बटण चालू आणि गळ्याचं बंद. महिनोन् महिने, ऊन असो की धूळ. मला बघवायचं नाही. ज्या बाईने खिडक्या बंद करायला लावल्या, ती मालिकेतल्या ताईच्या पाठीमागे उभी राहून मासोळीसारखं तोंड हलवते. स्वतःच्याच गोष्टीत गर्दी!

"गप्प बसायचा पगार घेतेस," मी एकदा बोललो.

"बसते कुठे? उभी असते, दिवसभर," ती म्हणाली. "तू दे पगार, तुझ्याकडे ओरडते."

 

एका दुपारी भाऊ तिच्याकडे आला. मी तिथेच होतो, खिडकीची फळी ठोकून देत होतो. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. मग म्हणाला, "ताई, मालिका बघतेस ना? काय काम करते ती! कसं समजून घेते भावाला."

"लिहून दिलंय तसं घेते. मी तिच्या मागेच उभी असते, मला विचार."

"तसं नाही. लोकांना आवडतं ते. बहीण-भाऊ एकत्र दिसले पाहिजेत."

"मुद्द्यावर ये. तू लहानपणापासून काहीतरी फोडलं की असाच गोल गोल फिरतोस."

मुद्दा असा होता. पाळणाघराची जागा त्याला हवी होती. तिथे नागरिक सेवा केंद्र होणार, वर व्यायामशाळा, आणि खाली दर्शनी भागात नगरसेवकाचं कार्यालय. प्रस्ताव तयार होता, पालिकेतली सुनावणी तेवढी बाकी होती.

"आणि पोरं?"

"पाळणाघर हलवू ना. दुसरी जागा देऊ."

"कुठे?"

"बघू."

"हे बघू कुठल्या रस्त्यावर येतं? बायका पहाटे पोरं कडेवर घेऊन शोधत जातील, म्हणून विचारते."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "सुनावणीला तू नाही आलीस तरी चालेल, ताई. तुला त्रास नको." हे त्याने फार गोड आवाजात म्हटलं. माझ्या हातातला हातोडा मी खाली ठेवला, कारण तो हातात असणं बरं नव्हतं.

त्या दिवसापासून भोंग्याच्या पायाला चाक लागलं. घरात बसेना. पाळणाघराशी जायची, भिंतीवरून हात फिरवायची, परत यायची, पुन्हा जायची. सुनावणीचा नियम मी तिला समजावून सांगितला: प्रस्तावावर हरकत असेल तर ती तिथे, सभागृहात, तोंडाने सांगावी लागते. पालिका सगळं कॅमेऱ्यात टिपते. कोणी बोललं नाही तर हरकत नाही असं धरतात आणि जागा गेली. "कायद्याचं मी बोलतो," मी म्हणालो, "मग तू आणि बायका आवाज उठवा. बाकी काही करायचं नाही, तुला जे येतं तेच."

"समोर तो असेल," ती म्हणाली.

"असेल."

"जेवला नसेल तर त्याचा चेहरा उतरतो. मला बघवत नाही."



सुनावणीच्या दिवशी बायका सेटवर गेल्या नाहीत. त्या दिवसाचं काम बुडवून सगळ्या आल्या. सभागृहात नगरसेवकाने चित्रण चांगलं व्हावं म्हणून मोठे दिवे लावून घेतले होते. समोर तिपाईवर कॅमेरा. सुनावणी अधिकारी म्हणजे थकल्या चेहऱ्याचा एक सरळ माणूस, पण नियमावर बोट ठेवून चालणारा. मी उठलो, तोंड उघडलं, आणि त्याने विचारलं, "आपण राहायला कुठे?"

मी सांगितलं. नाल्यापलीकडे, वस्ती तीच.

"म्हणजे हा वॉर्ड नाही. खाली बसा."

मी बसलो नाही. मी काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. शिपायाने मला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. पण दाराला काच होती आणि दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं मी बघितलं आणि ऐकलं. ऐकलं म्हणजे, जे ऐकू यायला हवं होतं ते सोडून सगळं.

नगरसेवक उठला. दिवे त्याच्यावर. त्याने माईक हातात घेतला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. आणि तो बोलू लागताच भोंग्यासकट सगळ्या बायका उभ्या राहिल्या, मुठी वर गेल्या, गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंडं उघडली.

आवाज नाही.

मला आधी वाटलं, माझे कान बंद झाले. पण नगरसेवकाचा शब्द न शब्द ऐकू येत होता: विकास, सुविधा, तरुणांचं आरोग्य. त्याच्यासमोर तेवढ्या बायका मुठी हलवत जिवाच्या आकांताने गप्प होत्या. लाल दिवा लागला, पुढे माणूस बोलतोय, म्हणजे तोंड चालू, आवाज बंद. इतकं अंगात मुरलं होतं. मी काचेवर थापा मारल्या. शिपाई म्हणाला, "हळू, चित्रण चालू आहे." मला हसावं की त्याचा गळा धरावा कळेना.

अधिकाऱ्याने चष्म्यावरून बायकांकडे पाहिलं. "कोणाची हरकत आहे का?" बायकांच्या मुठी आणखी उंच गेल्या, ओठ आणखी जोरात हलले. नगरसेवकाने अजून माईक खाली ठेवला नव्हता ना. "हरकत असेल तर बोला," अधिकारी म्हणाला. "हातवाऱ्यांची नोंद करता येत नाही." कारकुनाने लेखणी उचलली.

तेव्हा भावाने बहिणीकडे पाहिलं. आणि तो हसला. ते हसू त्याचं नव्हतं, मालिकेतल्या नगरसेवकाचं होतं. छातीवर हात ठेवून तो माईकमध्ये म्हणाला, "माझी ताई इथे आलीय. ती आजवर माझ्या पाठीशी उभी राहिली, आजही आहे. तिचे आशीर्वाद—"

"ए शेंबड्या!"

माईक किंचाळला. एका दिव्याखाली उभा असलेला माणूस दचकून मागे सरकला. दाराची काच माझ्या कपाळाशी थरथरली.

"पाठीशी? मी तुझ्या समोर उभी आहे, डोळे फुटले का? ठेव तो माईक खाली!"

त्याने ठेवला. खरंच ठेवला. एवढा मोठा माणूस, शाळेतल्या पोरासारखा.

"आणि साहेब, तुम्ही लिहा. हरकत आहे. माझी आहे. पहाटे कामाला जाणाऱ्या बाईने पोर कुठे ठेवायचं ते याला विचारा. ह्याच्या कार्यालयात? व्यायामशाळेत, वजनांच्या शेजारी? लिहा, माझं नाव लिहा, मी ह्याची सख्खी बहीण आहे तेही लिहा, आणि ह्याला मी वाढवलंय म्हणून सांगते, ह्याचं 'बघू' म्हणजे 'नाही' असतं!"

एकदा झाकण उडालं म्हटल्यावर मागच्या बायका थांबतात होय? "माझी हरकत आहे!" "माझीपण!" "माझी दोन पोरं आहेत, माझ्या दोन हरकती लिहा!" अधिकारी एका वेळी एक, एक म्हणत टेबल बडवत होता आणि कारकुनाची लेखणी धावत होती. शेवटी अधिकाऱ्याने जाहीर केलं: प्रस्ताव थांबवलाय, मी स्वतः जागा पाहीन, तोवर पाळणाघर आहे तिथेच. नगरसेवक मागच्या दाराने गेला. दिवे विझवायला कोणी उरलं नाही, ते तसेच जळत राहिले.

बाहेर पायऱ्यांवर बायका एकमेकींच्या नकला करत हसत होत्या. भोंगा येरझारा घालत होती. मी तिच्यावर तुटून पडणार होतो. सगळी लढाई त्या सेटच्या खुळ्या सवयीपायी हातची जात होती!

"सवय होती," तीच आधी म्हणाली. "पहिल्यांदा सवयच. मग आपला आवाज येत नाहीये ते मला कळलं."

"कळलं? आणि तरी?"

"तरी तोंड तसंच हलवत राहिले." ती थांबली, पुन्हा चालायला लागली. "बरं वाटत होतं रे. त्याच्याविरुद्ध ओरडतही होते आणि त्याला लागतही नव्हतं. दोन्ही होत होतं. दिवसभर तसं उभं राहिले असते."

मी तिला समोरच्या टपरीवर चहाला नेलं. 

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते अजून पुरतं झालेलं नाही. शूटिंगची परवानगी नगरसेवकाच्या हातात. सेटवर निरोप गेला, त्या बाईला गर्दीत घेऊ नका. असिस्टंटबाईने फोनवर सांगितलं, "मावशी, माझा नाइलाज आहे," आणि रडली. भोंग्यानेच तिची समजूत काढली. आता ती पाळणाघरातच दारावर असते, बायका मिळून जे देतात त्यावर. अधिकारी येऊन जागा पाहून गेला, पोरांनी त्याच्या बुटांवर पाणी सांडलं. निर्णय आला नाही. आज येईल, उद्या येईल. फाटकाशी सायकलची घंटा वाजली तरी ती उठून बघते. भावाचा फोन नाही. ती फोन हातातून ठेवत नाही आणि विचारलं तर म्हणते, किती वाजले ते बघत होते.

परवा सकाळी मी तिथे गेलो होतो. बायका घाईघाईने पोरं सोडत होत्या. नगरसेवकाची गाडी गल्लीत शिरली. समोर पोरं रस्ता ओलांडत होती, नेहमीसारखी, एक पुढे तर दोन मागे. भोंगा रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, हात आडवा करून. गाडी थांबली. काच काळी होती, आतला दिसत नव्हता. चालकाने हॉर्नवर हात नेला असावा, पण हॉर्न वाजला नाही.

ती काचेकडे बघत राहिली. पोरं आत गेली, शेवटचं पोरही गेलं, तरी ती हलली नाही. गाडीही हलली नाही. मागे एक टेम्पोवाला शिव्या घालायला लागला. मग काच चार बोटं खाली आली.

"जेवलास का?" तिने विचारलं.

आतून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. काच वर गेली. ती बाजूला झाली, गाडी निघून गेली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"जागा घेणारच म्हणाला." तिने फाटक ओढून घेतलं, कडी लावली, हलवून बघितली, पुन्हा लावली. आणि आत वळताच एका पोराचं अंग तापलेलं हाताला लागलं, तशी ते गुपचूप सोडून चाललेल्या आईला तिने अशी काही हाक मारली की ती बाई कोपऱ्यावरून परत आली.